हिरव्या डबीचा मास्क

पाटबंधारे खात्यानं श्रीनाथराव गंभिरे यांना एक दिवसाच्या आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षणाला पाठवलं, ते त्या दिवशी कार्यालयात बाकी सगळ्यांना काहीतरी काम होतं म्हणून. पण गेला तो वरिष्ठ लिपिक होता आणि परत आला तो तज्ज्ञ. त्यांनी प्रमाणपत्राला काच बसवून घेतली, घरातून बाहेर पडायच्या वाटा मोजल्या (एकच निघाली) आणि झोपण्यापूर्वी बायकोला शेगडी बंद आहे का ते विचारायला सुरुवात केली. "इतकी वर्षं काय चालू ठेवून झोपत होते का?" असं मनस्विनीनं विचारलं. आपत्ती व्यवस्थापनात पहिला अडथळा घरातूनच येतो, हे प्रशिक्षणात सांगितलेलंच होतं.

लातूरच्या ज्या कॉलनीत ते राहतात, तिच्या मागे बर्फाचा एक जुना कारखाना आहे. एप्रिलमधल्या एका रविवारी भर दुपारी तिथून अमोनिया सुटला. आधी वास आला नाही. आधी आवाज गेले. कडुनिंबावरच्या साळुंक्या एकाएकी गप्प झाल्या. गल्लीतली चारही कुत्री कारखान्याकडे तोंड करून उभी राहिली आणि एकदाही न भुंकता उलट्या दिशेनं चालू लागली. मग नाकात सुई टोचल्यासारखं झालं आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सगळी कॉलनी रस्त्यावर आली, पण बोलता कुणालाच येईना. पंचवीस-तीस माणसं लख्ख उन्हात तोंडं उघडी टाकून उभी आणि आवाज एकाचाही नाही, हा देखावा श्रीनाथरावांच्या डोळ्यांपुढून पुढे कितीतरी दिवस हलला नाही.

दहा मिनिटांनी वारा फिरला. कारखान्याचा राखणदार येऊन "वाल ढिला झाल्ता, आवळलाव," एवढंच सांगून गेला.

संध्याकाळी पाण्याच्या टाकीखाली सभा भरली. कॉलनीची आपत्ती समिती नेमायची ठरली आणि प्रमाणपत्राची काच सगळ्यांनी पाहिलेली असल्यामुळे अध्यक्षपद श्रीनाथरावांकडे आपसूक चालत आलं. शेजारचे शरदचंद्र सर, भोकरच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी ओला पंचा नाकाला बांधण्याचा उपाय सुचवला. त्यांच्या पत्नी चंद्रप्रभा काकूंचा भर कापरावर होता. कोणी म्हणालं, करोनातले मास्क कपाटात पडून आहेतच, तेच दोन-दोन लावू. श्रीनाथरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आपल्या भरघोस मिशीवरून हात फिरवला. ती मिशी ओठावर न थांबता दोन्ही गालांवर वितभर चालून गेलेली होती. कार्यालयात दोन गंभिरे होते आणि ह्यांना ओळखायची खूण तीच होती. "धूळ वेगळी आणि वायू वेगळा," ते म्हणाले. "वायूला गॅस मास्कच लागतो. मी बघतो काय करायचं ते."

त्यांनी 'आपत्ती सूचना' नावाचा व्हॉट्सॲप गट काढला. त्यावर प्रत्येक घराची संपर्क यादी टाकली. स्वतःच्या घरापुढे आपला, मनस्विनीचा आणि गावाकडे राहणाऱ्या वडिलांचा, व्यंकटरावांचा, नंबर लिहिला. मग शासनाकडे मास्कसाठी अर्ज केला. तहसील कार्यालयानं गळतीचा पंचनामा मागितला. तलाठी आले, चारी बाजूंच्या हवेकडे त्यांनी नीट बघितलं आणि विचारलं, "भिंत पडली का? जनावर दगावलं का?"

"श्वास कोंडला," श्रीनाथराव म्हणाले.

"त्याचा रकाना न्हाई," तलाठी म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

तेव्हा मास्क स्वतःच आणायचा ठरला. प्रशिक्षणात नांदेडच्या एका दुकानाचं नाव कळलं होतं. श्रीनाथरावांनी दुसऱ्या शनिवारी बस पकडायची ठरवली, तेव्हा मनस्विनी म्हणाली, "ह्या शनिवारी आण्णांकडं जायचं होतं ना?"

आण्णा म्हणजे व्यंकटराव. रेणापूरच्या पुढे आठ किलोमीटरवर गाव. आई गेल्यापासून तिथल्या घरात आण्णा आणि सोयाबीनची पोती. भाव चढेपर्यंत विकायचं नाही म्हणून त्यांनी माल आतल्या खोलीत रचला होता आणि कीड लागू नये म्हणून पोत्यांमध्ये गॅसच्या गोळ्या ठेवल्या होत्या. त्या गोळ्यांच्या वायूनं बंद घरात झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, असं श्रीनाथरावांनी फोनवर चारदा सांगितलं होतं. आण्णा दरवेळी "येऊन बघ की," म्हणायचे आणि श्रीनाथराव दरवेळी रजा मिळत नाही म्हणायचे. दिवाळीनंतर जाणं झालेलं नव्हतं.

"पुढच्या शनिवारी नक्की," ते म्हणाले आणि नांदेडच्या बसमध्ये बसले.

दुकान एका बोळात, खाली पायऱ्या उतरून होतं. भिंतीवर खिळ्यांना ओळीनं मास्क टांगलेले. काहींना दोन डबे, काहींना सोंड, काहींना मोठी गोल काच. पंख्याच्या वाऱ्यानं ते सगळे मिळून दाराकडे वळायचे आणि पुन्हा भिंतीकडे व्हायचे. म्हातारा दुकानदार त्यांच्याखाली शांतपणे पेपर वाचत होता.

"कशापासून वाचायचंय?" त्यानं विचारलं.

"सगळ्यापासून."

"तसला मास्क अजून निघाला न्हाई साहेब. ज्याची फिकीर त्याची डबी. हिरवी अमोनियाची, तपकिरी पेंटच्या वासाची, पिवळी तेजाबाच्या वाफेची. एकाची डबी दुसऱ्याला बेकार. घरात मानसं किती?"

"तीन."

"बुजुर्ग कोन न्हाई?"

"वडील गावी असतात. तिथं हवा शुद्ध आहे."

दुकानदारानं त्यांच्या मिशीकडे पाहिलं. मास्कची रबरी कड कातडीला घट्ट चिकटली पाहिजे, मध्ये केस आला की फट राहते आणि फट राहिली की मास्क घातला न घातला सारखाच, असं त्यानं समजावून सांगितलं. मिशी आत मावेल असा पूर्ण तोंडाचा मास्क होता, पण त्यात चष्मा मावत नव्हता. चष्म्याशिवाय श्रीनाथरावांना आपत्ती दिसलीच नसती. दोहोंचा विचार करता करता दुपारची बस चुकली. शेवटी त्यांनी अर्ध्या तोंडाचे, हिरव्या डब्यांचे तीन मास्क घेतले. मिशीचं बघू, असं ते स्वतःशी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, घरात तालीम झाली. तिघं मास्क लावून सोफ्यावर बसले. बारावी संपवून नीटच्या परीक्षेला बसलेली मुलगी शिवांगी आधी हसली, पण मास्कमधून ते हसू म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखं बाहेर आलं, तशी तीही गप्प झाली. मग घरात फक्त झडपांचा आवाज राहिला. टप्, टप्, टप्. तीन माणसं श्वास घेत होती, पण श्रीनाथरावांनी कान देऊन ऐकलं तेव्हा त्यांना तो चौघांचा वाटला. त्यांनी मोजायचं टाळलं. मनस्विनीचे नुसते डोळे दिसत होते. वीस वर्षांच्या संसारात ते डोळे असे एकटे त्यांनी कधी पाहिले नव्हते आणि ही बाई नक्की कोण, असा एक थंड विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"आता चाचणी," ते मास्क खाली ओढून म्हणाले. उग्र वास घेऊन बघावा, असं माहितीपत्रकात होतं. वर्षाच्या तिखटासाठी मनस्विनीला मिरच्या भाजायच्याच होत्या. तिनं कढई तापवली. मास्क लावून श्रीनाथराव कढईवर वाकले आणि दुसऱ्याच श्वासाला असा ठसका लागला की ते डोळे पुसत न्हाणीघरात जाऊन बसले.

"फट," ते आतून म्हणाले. "मिशीची फट."

कोपऱ्यावरच्या दुकानात रामलिंग नाभिकाकडे गेले, तेव्हा तो एकाची दाढी करून वस्तरा पुसत होता. मिशी काढायची म्हटल्यावर त्याचा हात थांबला.

"आण्णा हायत न्हवं?"

"आहेत की. ठणठणीत आहेत."

"मग मी वस्तरा लावत न्हाई. बाप असताना मिशी काढत नसतेत, मालक. ह्या हातानं सफाचट केलेल्या एकाबी मानसाचा बाप जिता बघितला न्हाई मी."

श्रीनाथरावांनी त्याला कार्य आणि कारण ह्यांतला फरक सांगितला. बाप आधी जातो, मिशी नंतर. हा क्रम उलटा धरणं म्हणजे अडाणीपणा. रामलिंगनं सगळं शांतपणे ऐकलं. "तुमचं शिक्षण लई हाय," तो म्हणाला आणि वस्तरा डब्यात ठेवून दिला.

अपमान गिळून श्रीनाथराव घरी आले आणि स्वतःच आरशापुढे उभे राहिले. गालांवरची टोकं तेवढी छाटायची होती. डावीकडे जरा जास्त गेली. मग उजवी तिच्याएवढी केली, तर ती आणखी कमी झाली. बरोबरी साधता साधता ओठावर उरलेलं प्रकरण ठेवण्यापेक्षा नसलेलं बरं, अशा अवस्थेला आलं. त्यांनी डोळे मिटून शेवटचा हात मारला. उघडले तेव्हा आरशात एक अनोळखी माणूस उभा होता. त्याचा वरचा ओठ पांढराफटक होता आणि तो कुठलीतरी वाईट बातमी घेऊन आल्यासारखा त्यांच्याकडे बघत होता. श्रीनाथरावांनी घाईनं दिवा मालवला.

दुसरी चाचणी पहिलीपेक्षा वाईट झाली. मिशी नाही, फट नाही, तरी ठसका तोच. आता मनस्विनीही खोकू लागली. तेव्हा शिवांगी अभ्यासाच्या खोलीतून ओढणी नाकाला लावून आली.

"पप्पा, हिरवी डबी अमोनिया अडवते. मिरचीचा धूर म्हणजे बारीक कण असतात, त्यासाठी पुढे वेगळी चकती लागते. मिशी असो-नसो, ठसका लागणारच."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत का?"

हवा खेळावी म्हणून श्रीनाथरावांनी दार सताड उघडलं आणि नवराबायको उंबऱ्यात उभे राहिले. दोघांच्याही डोळ्यांना धारा लागलेल्या, मनस्विनी पदरानं तोंड दाबून हुंदके दिल्यासारखी खोकत होती. फाटकाशी चंद्रप्रभा काकू कैरीची वाटी घेऊन आलेल्या होत्या. त्यांनी श्रीनाथरावांच्या ओठाकडे पाहिलं, मनस्विनीच्या पदराकडे पाहिलं. वाटी पदराखाली झाकली आणि त्या मागे फिरल्या.

अर्ध्या तासात त्या पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या. डबा ठेवला, मनस्विनीच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला आणि गेल्या. त्यांच्या मागोमाग समोरच्या घरातूनही डबा आला.

"मिरच्या भाजल्याची एवढी दया?" मनस्विनी म्हणाली. पण शिजवायचा त्रास वाचला होता, म्हणून तिनं फार विचार केला नाही. श्रीनाथराव दोन भाकरी जास्त जेवले.

चार वाजता त्यांनी आपत्ती समितीची सभा घरीच ठेवली होती. एरवी सभेला पाच माणसं येत. आज चार वाजायच्या आतच बैठक भरली, नंतर ओसरी भरली आणि मग फाटकापर्यंत चपला झाल्या. सगळ्यांनी फिक्या रंगाचे कपडे घातलेले. येणारा हात जोडायचा, खाली बघायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. सकाळचा रामलिंगही दाराशी उभा होता. मनस्विनीनं चहा आणला तो एकानंही घेतला नाही. आपल्या कार्याला इतका गंभीर प्रतिसाद मिळेल असं श्रीनाथरावांना वाटलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला.

"वेळ कुणाला सांगून येत नाही," ते म्हणाले. "आपण म्हणतो, बघू, जाऊ, पुढच्या शनिवारी करू. आणि एक दिवस हवाच मिळत नाही माणसाला. पाच मिनिटांचा खेळ."

समोरच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. मागे एक बाई पदर डोळ्यांना लावून उठून गेली. दोघे-तिघे उठले, पुन्हा हात जोडले आणि निघाले. येतो, असं त्यांतला एकही म्हणाला नाही. 'येतो' न म्हणता कुठल्या घरातून निघतात, हे श्रीनाथरावांनाही ठाऊक होतं.

शरदचंद्र सर जवळ सरकले. "माती गावीच करणार ना? की झाली सकाळी?"

"कुणाची?"

सरांनी आपला फोन पुढे केला. 'आपत्ती सूचना' गटावर आण्णांचा ह्या घराच्या वास्तुशांतीतला फोटो होता, खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि त्याच्या खाली जोडलेल्या हातांच्या ओळीच ओळी. गट काढल्यापासूनची ती पहिलीच सूचना होती आणि ती सात मिनिटांत सगळ्या कॉलनीत पोचली होती; फक्त गंभिरेंच्या घरात मिरच्यांच्या धांदलीत कुणी फोन बघितला नव्हता.

"आण्णा जिवंत आहेत," श्रीनाथराव ओरडले नाहीत, फक्त म्हणाले. "मिशी मी मास्कसाठी काढली."

बैठकीतल्या कुणाच्याही चेहऱ्यावर सुटकेची खूण उमटली नाही. उलट सगळे थोडे मागे सरकले. "बाप असताना?" चंद्रप्रभा काकू हळूच म्हणाल्या. दारातून रामलिंग म्हणाला, "मी सकाळीच नको म्हनलो हुतो. इचारा त्यांना."

"आधी फोन लावा," सर म्हणाले. "यादीत नंबर होता म्हणून पुष्कळ जणांनी दुपारीच तिकडे लावला होता. एकानंही बोलणं झालं असं सांगितलं नाही."

श्रीनाथरावांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. घंटा वाजत राहिली. वीस-बावीस माणसं श्वास धरून एका दूरच्या घरातली घंटा ऐकत होती. ती थांबली. पुन्हा लावला. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा लावताना कार्य आणि कारण ह्यांतला फरक त्यांना काही केल्या आठवेना. मनस्विनीनं कोपऱ्यात पडलेला एक मास्क पिशवीत घातला आणि स्कूटरची चावी त्यांच्या हातात दिली. तिला काय म्हणायचं होतं ते त्यांना कळलं. बंद घर, आतल्या खोलीत पोती, पोत्यांत गोळ्या.

रेणापूर मागे पडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, पण झळ होतीच. रस्त्यावर ते एकटेच होते. गावात पोचले तर तिथंही कुणी नव्हतं; लग्नतिथ होती, सगळं गाव शिरूर अनंतपाळला वऱ्हाडात गेलेलं होतं. दारं कड्या घालून बंद, पारावर माणूस नाही, हौदावर जनावर नाही. फक्त शेजारची केवळाबाई आपल्या ओट्यावर बसलेली होती. ऐंशीच्या घरातली, त्यांना लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेली. श्रीनाथराव उतरले. तिनं कपाळावर हात धरून त्यांच्याकडे पाहिलं, ओठावर नजर थांबली, आणि तिनं गळा काढला.

"केवळामावशी, आण्णा कुठं आहेत?"

ती नुसती रडत राहिली. "माजा भाऊ गं," एवढंच तिच्या तोंडून येत होतं. ती शेजारी राहत होती. तिला माहीत नसणार तर कुणाला? त्यांच्या ओठावरून तिनं ओळखलं, आणि तिच्या रडण्यावरून त्यांनी. दिवाळीपासूनचे सगळे शनिवार एकदम डोळ्यांपुढे येऊन उभे राहिले, आणि त्यांतला एकही भरून काढता येणार नव्हता.

घराचं दार आतून लोटलेलं होतं. फटीतून लसणाचा उग्र दर्प येत होता. त्या गोळ्यांचा वायू लसणासारखाच वास मारतो, हे शिवांगीनं एकदा जेवताना सांगितलं होतं. त्यांनी पिशवीतून मास्क काढला. हिरवी डबी ह्या वायूला कामाची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुकानदाराचा शब्द न् शब्द आठवत होता. तरीही त्यांनी पट्टे आवळले आणि दार ढकललं. आत जायचंच होतं, आणि रित्या तोंडानं जायचा धीर नव्हता.

आत अंधार होता. झडप वाजत होती. टप्, टप्. डोळे सरावले तेव्हा खाटेवर बसलेलं कुणीतरी दिसलं. आण्णा. आंघोळ केलेली, कपाळाला बुक्का, ठेवणीतलं पांढरं धोतर. पाठ ताठ, हात मांडीवर. ते अजिबात हलत नव्हते आणि थेट मास्ककडे बघत होते.

"आलाव का," आण्णा म्हणाले. "बसा. मी तयार हाय."

श्रीनाथराव काहीतरी बोलले. मास्कमधून नुसती घरघर निघाली. आण्णांनी समजल्यासारखी मान हलवली.

"दुपारीच कळलं मला. फोनवर एक जण म्हनला, व्यंकटराव गेले, माती कवा हाय? मी म्हनलं, मीच बोलायलोय. तर ठेवूनच दिला. मग दुसरा, तिसरा. नऊ जनांनी ठेवला. मंग उमगलं, आपला आवाज पल्याड जाईना गेलाय. पुना उचलला न्हाई." ते थोडं थांबले. "येतो मी. पर एक इनंती हाय. माजं पोरगं लातूरला नोकरीला असतंय. त्याला आज कळवू नका. उद्या सोमवार, हापिस असतंय त्याचं, रजा मिळत न्हाई. लई बार सांगितलंय त्यानं मला. शनिवार धरून कळवा. म्हंजे त्याला तकलीफ न्हाई."

श्रीनाथराव दारात उभे होते. मास्क ठेवला तर ते यमाचे दूत होते आणि काढला तर बाप मेलेला मुलगा. चष्म्याच्या काचा आतून धुरकट झाल्या. असं कितीही वेळ उभं राहता आलं असतं, पण खाटेवरचा माणूस धोतराचा सोगा सावरून खरंच उठायला लागला. त्यांनी पट्टे ओढून तोडले.

"आण्णा, मी आहे. श्रीनाथ."

आण्णा बघत राहिले. त्यांची नजर डोळ्यांवरून उतरून ओठावर आली आणि तिथं थांबली.

"मिशी काढलीस," ते म्हणाले. "मंग खरंच गेलाव की मी."

"नाही आण्णा. ह्याच्यासाठी काढली. ह्या डबड्यासाठी. तुम्ही आहात. मीच गाढव आहे."

आण्णा उठले आणि जवळ आले. त्यांनी अंगठा श्रीनाथरावांच्या ओठावरून फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. अंगठा खरखरीत होता आणि गरम होता. श्रीनाथरावांना रडू कोसळलं. मिरचीशिवाय आलेलं हे त्या दिवसातलं पहिलंच रडू होतं.

"असाच दिसायचास," आण्णा म्हणाले, "शाळंला जायचास तवा. इसरूनच गेल्तो मी."

बऱ्याच वेळानं श्रीनाथरावांनी गोळ्यांचं विचारलं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि खोली झाडून लख्ख केलेली होती. सोयाबीन पाडव्यालाच विकलं, फोनवर सांगितलं होतं की, असं आण्णा म्हणाले. श्रीनाथरावांना ते आठवत नव्हतं. आणि लसणाचा वास?

"चटनी कुटलीय. मेलाव म्हनलं तरी भूक लागायलीच हुती. मंग इचार केला, जेवूनच जावं."

त्यांनी दोन ताटं घेतली. बाहेर केवळाबाईचा सूर अजून लागलेला होता. तिला जाऊन सांगतो, असं म्हणून श्रीनाथराव उठले, तर आण्णांनी हातानं बसवलं. "रडू दे जरा. जन्मात कवा माज्याबद्दल बरं बोलली न्हाई ती. ऐकतो की."

पहिला घास घेतला तोच फोन वाजला. कार्यालयाचे साहेब होते. "गंभिरे, कळलं सगळं. रजेची फिकीर करू नका. तेरा दिवस इकडं फिरकायचं नाही. अर्ज आल्यावर द्या." श्रीनाथरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं. बावीस वर्षांच्या नोकरीत रजेसाठी ते एकदाही खोटं बोलले नव्हते. समोर आण्णा भाकरीचा पापुद्रा काढून त्यांच्या ताटात वाढत होते. "बरं साहेब," ते म्हणाले.

"कोन हुतं?"

"ऑफिस."

"बलवायलेत का?"

"नाही. रजा दिली."

"किती दिस?"

"तेरा."

आण्णांचा हात ताटावर थांबला. त्यांनी तो आकडा मनात एकदा म्हणून बघितला असावा, कारण ओठ हलले. बाहेर केवळाबाई दम घ्यायला थांबली होती.

"मंग चौदाव्याला जा," ते म्हणाले आणि श्रीनाथरावांच्या चटणीवर तेल ओतलं.